माती की आग

मिथुनने माइक हातात घेतला तेव्हा मी मागच्या बाकावर बसून चपातीचे तुकडे करत होते. महिन्याचा पहिला रविवार, म्हणजे प्रभुभोजनाचा, आणि प्रभुभोजनाची चपाती लाटायचं काम आमच्या मंडळीत गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे. मीठ नाही, तेल नाही, खमीर तर नाहीच. सोबत काळ्या मनुका भिजवून, उकळून, फडक्यातून गाळलेला रस. भंडारा शहरात खालच्या मजल्यावर पितळी भांड्यांचं दुकान आणि वरच्या हॉलमध्ये आम्ही चाळीस-पन्नास विश्वासी, एवढीच आमची मंडळी. कारागिरांना रविवार नसतो, त्यामुळे आमच्या प्रार्थनेला खालून ठक ठक असा ठेका कायमचा. त्या ठेक्यावर माझा सख्खा धाकटा भाऊ, नुकताच गावाहून आमच्या मंडळीत यायला लागलेला, साक्ष देत होता. कावीळ झाली, डॉक्टरांनी हात टेकले, प्रभूने बरं केलं, हे मी अर्ध्या कानाने ऐकत होते, कारण साक्ष द्यायला उभा राहिलेला प्रत्येक माणूस एकतर काविळीतून उठलेला असतो नाहीतर दारूतून. मग तो थांबला, नाक ओढलं आणि म्हणाला, "आज मले एक पाप कबूल करायचं हाये. माह्या बाबानं प्रभूले सोडलं नव्हतं. मरतेवेळी बी नाही. म्या गावात खोटं सांगलं होतं." माझ्या हातातला तुकडा हातातच राहिला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे मला आधी सांगितलंच पाहिजे, कारण त्या टाळ्या अजून माझ्या डोक्यातून गेलेल्या नाहीत. कुणी हालेलुया म्हणालं, माझ्या शेजारची रीना डोळे पुसायला लागली, एकाने तर पुढे जाऊन मिथुनच्या खांद्यावर हात ठेवला. कशाबद्दल टाळ्या? बापाला मेल्यावर खोटं पाडल्याबद्दल की ते तीन वर्षं पचवल्याबद्दल? मिथुन हुंदके देत म्हणत होता, "प्रभूनं मले माफ केलं. काल रातीच माफ केलं. मनात अशी शांती आली का विचारू नका." म्हणजे गुन्हा माझ्या बाबाविरुद्ध, निकाल रात्रीच लागून गेला, आणि मला खबर सकाळी अकरा वाजता, माइकवरून, सगळ्या जगाबरोबर. मी एका सरकारी कार्यालयात आवक-जावक सांभाळते. साध्या सातबाऱ्यावर नाव चढवायचं तरी ज्यांचा संबंध आहे त्यांना नोटीस जाते, हरकत घ्यायला पंधरा दिवस मिळतात. स्वर्गाच्या राज्यात ही पद्धत नसावी. मला राग आला होता, आणि राग आला की माझे कान तापतात. दोन्ही कान तव्यासारखे तापले होते.

बाबा, मनिराम, गावच्या तलावात मासे मारायचा. आमचं गाव आंधळगावच्या पलीकडे. मी बारावीला असताना आई, बायाबाई, गेली आणि बाबा मोहाच्या दारूत गेला. दोन वर्षं त्याला आम्ही शब्दशः तलावाच्या पाळीवरून उचलून आणायचो. मग तुमसरचा कोणीतरी प्रार्थनावाला भाऊ भेटला आणि बाबाची दारू सुटली. सुटली म्हणजे सुटलीच. त्यानंतर तो दर रविवारी सायकलने तुमसरला जायचा. गावाने त्याचं नाव हालेलुया मनिराम पाडलं, बाबाने ते आनंदाने घेतलं. कोणाशी वाद नाही, भांडण नाही; गावातल्या लग्नांना जायचा, गणपतीच्या मांडवाला बांबू द्यायचा, आणि नाताळाला सगळ्या मच्छीमार सोसायटीला कागदात गुंडाळून केकचे तुकडे वाटायचा. त्याला एका गोष्टीचा फार गर्व होता. "पाय रंजू," तो म्हणायचा, "येशूले शिष्य करायचे होते, तं त्यानं पटील नाही पायले, मास्तर नाही पायले. पहिल्यांदा ढिवरच बोलावले. जाळं टाकनारे." मग स्वतःच हसायचा. जाण्याच्या आठ दिवस आधी त्याने मला फोन केला होता. छातीत घरघर होती. "मले जाळू नका, बाई. मातीत ठेवजा. म्या इश्वरले सांगून ठेवलं हाये." मी म्हटलं, बाबा, असं बोलू नको, रविवारी येते. रविवार यायच्या आत तो गेला.

मी पोहोचले तेव्हा दुपार झाली होती आणि नाल्याकाठी धूर निघत होता. मिथुन डोकं भादरून बसला होता. मी त्याच्या अंगावर धावून गेले तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "ताई, बाबानं ते सोडलं होतं. काल राती मले म्हणला, मले आपल्याच रीतीनं नेजा." पुढे लोकांकडून तुकड्यातुकड्यांत कळलं ते असं. सकाळी पंचायतीच्या ओट्यावर गाव जमलं. गावाने अडवलं नव्हतं. हे मला नीट सांगायचं आहे, कारण मंडळीत आम्ही गावाच्या नावाने फार पटकन बोटं मोडतो. गावाने अगदी सरळ विचारलं होतं, मिथुन, बाबाची इच्छा काय होती, माती की आग? जे म्हणशील ते करू. आणि माझ्या भावाने, ज्याला पुढच्या महिन्यात मच्छीमार सोसायटीचं अध्यक्ष व्हायचं होतं, ज्याला हालेलुयाचा पोरगा म्हणून कोणी हसलेलं नको होतं, त्याने आग म्हटलं. कोणी मानेवर सुरी धरली नव्हती. फक्त विचारलं होतं. पुढच्या महिन्यात तो अध्यक्ष झालाही.

आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवला. इथे येऊन माझा राग अडखळतो, पण टाळून चालणार नाही. मी बाबावर रुसले. मेलेल्या माणसावर रुसता येतं, आणि चांगलं तीन वर्षं रुसता येतं. तो समजूत काढायला येत नाही ना. वीस वर्षं सायकल हाणलीस आणि शेवटच्या रात्री घाबरलास, असं मी त्याला मनात किती वेळा म्हटलं असेल. त्याचा फोटो मी ट्रंकेत कपड्यांखाली ठेवला. मंडळीत लोक आपापल्या गेलेल्यांची आठवण काढून आभार मानायचे, मी गप्प. तेराव्यानंतर गावात पाऊल टाकलं नाही. येशूला धरून नेलं त्या रात्री मासे मारणारा त्याचा शिष्य शेकोटीपाशी तीनदा म्हणाला, मी ह्या माणसाला ओळखत नाही. मी बाबाला त्याच्या ओळीत नेऊन बसवलं, आणि बाबा तर एकदाही तसं म्हणाला नव्हता. आता बाकावर बसून मला कळत होतं की मिथुनचं खोटं मला तेव्हा थोडं सोयीचंही वाटलं असणार. ऑफिसात मला कोणी ख्रिस्ती म्हणून ओळखत नाही. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बाबाची माती झाली असती तर साहेब, शिपाई सगळे गावी आले असते, पेटी दिसली असती, क्रूस दिसला असता, आणि सोमवारपासून डब्याच्या वेळी मला दोन प्रश्न जास्त आले असते. आग झाली, कोणी काही विचारलं नाही. हे आठवल्यावर माझा मिथुनवरचा राग कमी व्हायला हवा होता. तो दुप्पट झाला.

"रंजूताई, पुढे या," पास्टर चंद्रकुमार म्हणाले. आमच्या मंडळीची एक रीत आहे. ताट फिरायच्या आधी पास्टर विचारतात, कोणाच्या मनात कोणाविरुद्ध काही आहे का? असलं तर दोघांनी टेबलापाशी यायचं, ज्याचं मन दुखलं त्याने दुखावणाऱ्याच्या हातात पेला द्यायचा आणि 'माफ केलं' म्हणायचं. मगच सगळ्यांना भोजन. एरवी सासू-सुना येतात, पेटी कोणी वाजवायची यावर रुसलेली पोरं येतात, दोन मिनिटांत हसत जागेवर जातात. मी उठले. बाकांमधून चालताना पन्नास माणसं माझ्याकडे अशा मायेने बघत होती की मला एकेकाला धरून हलवावंसं वाटलं. त्यांना भूक लागली होती, साडेअकरा वाजून गेले होते, आणि माझ्या दोन शब्दांवर सगळं अडलं होतं. मिथुन माझ्या पायांवर वाकला. काविळीने तो निम्मा झाला होता, शर्टाची कॉलर मानेभोवती सैल पडली होती. लहानपणी ताप आला की असाच दिसायचा. हे मला दिसलं, आणि दिसल्याचाही राग आला.

पेला माझ्या हातात होता. मला एकदम येशूला ज्याने शत्रूंच्या हाती धरून दिलं तो शिष्य आठवला. त्याच्या नावाने आम्ही सगळे थुंकतो. पण तो परत गेला होता. ज्यांच्या हाती त्याने धरून दिलं, त्यांच्याचपुढे उभा राहून म्हणाला, मी निरपराध माणसाला धरून दिलं, माझं चुकलं. ते म्हणाले, आम्हाला काय त्याचं, तुझं तू बघ. मग त्याने जीव दिला. त्याला कोणी टेबलापाशी बोलावलं नाही, पेला दिला नाही. जो शेकोटीपाशी नाकारून बाहेर जाऊन रडला, त्याला मात्र सगळं परत मिळालं. का, ते मला कधी उमगलेलं नाही, आणि पास्टर सांगतात ते मला पटत नाही. मला एवढंच कळतं की चूक ज्या टेबलावर झाली, दुरुस्तीचा अर्ज त्याच टेबलावर द्यावा लागतो. दुसऱ्या टेबलावर कितीही रडा, तिथला माणूस बिचारा पाणी देईल, फाइल हलणार नाही.

"माफ करजो, ताई," मिथुन म्हणाला.

"कोनाच्या वाटचं माफ करू? माह्या, का बाबाच्या?"

त्याने वर पाहिलं. पास्टर हळूच म्हणाले, "ताई, प्रभूने त्याला क्षमा केली आहे. मग आपण कोण अडवणारे?"

"प्रभूनं केली असंल, पास्टर. प्रभूनं बाबाले विचारलं होतं का?"

खालचा ठेका तेवढा चालू होता. मी असं बोलेन हे मलाही माहीत नव्हतं. पण बोलून झाल्यावर परत घ्यावंसं वाटलं नाही.

"मिथुन, खोटं तू कुठं बोलला?"

"गावात. ओट्यावर."

"मंग इथं कायले रडून राहिला? इथं कोनाले मालूम हाये मनिराम कोन होता तं? इथं बोलाले तुले काय लागलं? टाळ्या भेटल्या वरून." मी पेला टेबलावर ठेवला. "बाबा काय सांगे तुले? देवापुढं दान घेऊन गेला अन् आठवलं का भावाचं मन दुखलं हाये, तं दान तिथंच ठेव, पहिले जा. हा पेला इथंच राहीन. पहिले जा."

"आज?"

"साडेबाराची गाडी हाये."

त्याने पास्टरांकडे पाहिलं. पास्टरांनी चष्मा काढून पुसला, परत लावला. मी पिशवी उचलून जिना उतरले. चप्पल घालताना वरून कोणीतरी पेटीवर सूर धरल्याचं ऐकू आलं. म्हणजे त्यांनी माझ्या चपातीचं भोजन सुरू केलं. स्टँडवर पोहोचले तेव्हा तो मागून येतच होता, धापा टाकत. खरं सांगते, तो येणार नाही अशी माझी खात्री होती, आणि तो आला नसता तर माझं आयुष्य सोपं झालं असतं. जन्मभर रागावून बसायला मला पक्कं कारण मिळालं असतं.

गाडीत आम्ही मागेपुढे बसलो. मोहाडी गेल्यावर त्याने मागच्या सीटवरून विचारलं, "ताई, म्या तिथं बोललो, मंग तं माफ करशील?" मी खिडकीबाहेर बघत राहिले. हा सौदा आहे का, असं विचारणार होते, पण सौदा तर मीच मांडला होता. आणि तो गावात बोलला तरी काय होणार होतं? आग लागली ती लागली. राख वैनगंगेत गेली, ती काही कोणी गोळा करून आणणार नव्हतं. माणसाची शेवटची इच्छा एका वाक्याची. एका वाक्यात मोडली. आता दुसऱ्या वाक्याने ती जुळत नाही, हे मला कळत होतं, तरी मी त्याला ओढत नेत होते. आंधळगावला उतरून ऑटो केला. ऑटोवाल्याने कुठून आलात विचारलं, मी पटकन म्हणाले, भंडाऱ्याला काम होतं. चर्चमधून आलो म्हणाले नाही. मिथुनने माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर वळवली, आणि माझे कान पुन्हा तापले, या वेळी दुसऱ्या कारणाने.

सोसायटीची माणसं तलावाच्या पाळीवर मोहाखाली जाळी सांधत बसली होती. शेजारीच इश्वरकाकांची बांधी, म्हणजे धानाचं शेत. ते आपल्या दोन म्हशी पाण्यात सोडून त्यांच्यात येऊन टेकलेले. बाबाचे जुने दोस्त. अध्यक्ष आले म्हणून एक-दोघे उठायला लागले. मिथुन म्हणाला, बसा. मग तो उभाच राहिला, आणि मला वाटलं आता हा मासे किती निघाले ते विचारेल. पण तो एका दमात म्हणाला, "बाबा शेवटपर्यंत विश्वासी होता. मातीत ठेवजा म्हणे. म्या ओट्यावर खोटं बोललो. अध्यक्ष व्हायचं होतं म्हणून."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकाने दातांनी दोरा तोडला. जाळ्याची शिशाची गोळी दगडावर वाजली. मग इश्वरकाका म्हशींकडेच बघत म्हणाले, "मालूम हाये."

"काय मालूम हाये?" मी विचारलं.

"आमाले सबनले मालूम हाये, बाई. मनिराम कोनाले लपवून येशू येशू करे का? त्या दिवशी सकाळी म्या ओट्यावर नव्हतोच. म्या इकडं बांधीत त्याच्यासाठी खड्डा खंदून राहिलो होतो. कमरेइतका खंदला, तं पोरगं सांगत आलं का आग ठरली."

"मंग बोलले काहून नाही?" माझा आवाज चढला. इतका वेळ तो मिथुनवर चढत होता, आता म्हाताऱ्यावर चढला. "सबनले मालूम होतं, अन् सबन गप्प बसले? जळू देल्लं त्याले?"

"पोटच्या पोरानं सांगतलं. त्याच्या तोंडावर मयतीच्या दिवशी खोटा हायेस म्हणू?" काकांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं. "चुकलं असंल आमचं. म्हटलं, आज नाही तं उद्या पोरगंच येऊन सांगन. अन् तुले सांगाव तं तू इकडं फिरकलीच नाहीस वं. तीन साल." हे ते सहज बोलले.

ते उठले आणि शेताच्या धुऱ्यावरून पुढे चालू लागले, आम्ही मागे. बांधीच्या कोपऱ्यात, पाळीला लागून, एक पळस होता आणि त्याच्याखाली तो खड्डा. मी बघत राहिले. तीन पावसाळे गेले तरी खड्डा कमरेइतकाच खोल होता, बाजू तासलेल्या, तळाशी थोडी सुकी पानं. "पावसात गाळ भरते," काका म्हणाले, "दिवाळीनंतर म्या काढतो. पोरसाल एक गोऱ्हा पडला होता याच्यात. तुही काकी धुरपता रोज डोकं खाते माहं, म्हणते मानूस जळून गेला अन् तुमी भोकाची राखण करून राहिले. पन मनिरामले जबान देल्ली होती, मातीची जागा माह्याच बांधीत म्हणून. आता पोरगं सांगत नाही तवरीक कसा बुजवू?" मिथुन खड्ड्याच्या काठावर मटकन बसला. तो रडत होता, पण मघासारखा नाही. आवाज नव्हता, नाक ओढणं नव्हतं, फक्त पाठ हलत होती. इथे त्याला शांती आलेली दिसत नव्हती. त्याच्याशेजारी जाऊन बसावं असं मला वाटलं. मी गेले नाही. प्रभू करतो तसं मला रातोरात करता येत नाही, आणि येतं असं मी यापुढे कुठल्याही टेबलापाशी म्हणणार नाही. बाबाच्या वाटचं माझ्याकडे नाहीच. ते त्याने बाबाला भेटल्यावर मागावं. माझ्या वाटचं तेवढं माझ्याकडे होतं, आणि त्यातलं किती देता येईल ते मी त्या खड्ड्याकडे बघत चाचपत होते.

"आता तं खरं निंगालं," इश्वरकाका म्हणाले. पळसाला टेकवलेलं फावडं त्यांनी हातात घेतलं होतं. "मंग बुजवू का आता?"

त्यांनी मिथुनला विचारलं. मिथुनने माझ्याकडे पाहिलं. मी एकटी बाई, लग्न केलं नाही, घरी कोणी नाही; उद्या माझं काही झालं तर ओट्यावर गाव ज्याला विचारील असा सबंध जगात हा एकच माणूस होता.

"बुजवू नका, काका," मी म्हटलं. "मले लागंल तो."

काकांना कळायला क्षणभर लागला. मिथुनला लगेच कळलं. त्याने तोंडावरचा हात काढला.

"अन् तवा कोनी विचारलं, माती का आग," मी त्याला म्हटलं, "तं खरं सांगजो."